मामंजी कारखान्यात येतात

८ नोव्हेंबर

आज मामंजींना कारखान्यात नेलं. दुसरा इलाजच नव्हता! त्यांना सांभाळायला येणाऱ्या बाई कालपासून येईनाशा झाल्या, नवरा सकाळीच कामावर गेलेला, आणि मामंजींना घरी एकटं ठेवायचं म्हणजे – परवाच गॅस सोडून, पेटवायचा विसरून, शांतपणे गॅलरीत जाऊन बसले होते. तेव्हा एका हातात डबा, दुसऱ्या हातात सासरे, अशी मी निघाले.

कारखाना म्हणायचा आपला. साबणाचा होता कधीकाळी. आता आम्ही हातकामाची मंडळी एकेक खोली घेऊन बसलोय. मी मातीची भांडी करते, शेजारी काचवाला, त्याच्या पलीकडे छापेवाली – लाकडाचे ठसे कोरून चित्रं छापते – आणि जिना चढून वर विणकरबाई. साबण बंद होऊन जमाना झाला, पण भिंतींचा वास जात नाही. हवा दमट असली की वाटतं, सगळी इमारत आताच न्हाऊन आलीय.

मामंजी खिडकीपाशी स्टुलावर बसले. चाक फिरताना बघत राहिले. निघताना विचारलं, "कंटाळलात का हो?"

"बरोबर."

पण ते हल्ली सगळ्यालाच बरोबर म्हणतात. झटका आला त्यात उजवा हात गेला, बोलणं गेलं, हा एवढा एकच शब्द मागे राहिला. भूक लागली – बरोबर. पाणी नको – बरोबर. दिवा लाव, दिवा घालव, डोकं दुखतंय, अक्कल आहे का तुला – बरोबर!

९ नोव्हेंबर

आज स्वतःच चपला घालून दारात उभे. डावी उजवीत, उजवी डावीत. तरी पण!

१५ नोव्हेंबर

मातीचा गोळा दिला त्यांच्या डाव्या हातात. म्हटलं, हात कामाला लागला की माणूस परत येईल. छान मळला, अगदी कणकेसारखा. अंगठ्याने मधोमध खळगा केला, त्यात डोकावून बघितलं – आणि गोळा माझ्याकडे सरकवला. "बरोबर." म्हणजे, घे तुझं तुला.

मला उगीचच वाईट वाटलं.

ह्या गावातल्या निम्म्या पाट्या मामंजींच्या हातच्या. न्हाव्याचं दुकान, शाळा, दवाखाना, अगदी 'येथे गाड्या लावू नयेत' सुद्धा. पट्टी न लावता एका श्वासात शिरोरेघ ओढायचे. पट्टी लागते त्याने सुतारकाम करावं, म्हणायचे. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा, मुलगी मातीची भांडी करते म्हटल्यावर बैठकीत सगळे गप्प. मामंजी एकटे खुश – "चला, आमच्या घरात आणखी एकाची नखं कायम मळकी!" तेव्हापासून मी त्यांची. त्यांना मामंजी म्हणते ते ऐकून नवरा हसतो, जुन्या नाटकातली सून वाटतेस म्हणतो. हसू दे.

आता त्यांना अक्षर ओळखता येत नाही. डॉक्टर म्हणाले, बोलण्याबरोबर वाचणंही गेलंय. काल न्हाव्याच्या दुकानासमोर थांबून स्वतःच्याच पाटीकडे बघत होते. झाडाकडे बघावं तसे. चेहऱ्यावर दुःख म्हणून नाही! ते सगळं माझ्याच वाट्याला आलेलं.

२१ नोव्हेंबर

काचवाल्याने मोठी खिडकी पुरी केली. रंगीत तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली. उन्हात उभी केली आणि खोलीभर सरबतं सांडली. मामंजींचा पांढरा सदरा आधी निळा झाला, मग गुडघ्यावर लाल डाग पडला. ते तो झटकायला लागले – खाताना सांडल्यासारखा. झटकला जाईना. मग हात तसाच ठेवला, आणि तळहातावर हिरवा येऊन बसला.

काचवाला हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, हलवू नका त्यांना. असंच असू दे."

किती वेळ बसलो तिघं, कोण जाणे. हिरवा मनगटावर चढला, बाहीवर गेला, सदऱ्यावरून उतरून भिंतीला लागला. मामंजी उठून त्याच्यामागे गेले. मीही गेले असते.

मग मीच घाण केली. म्हटलं, "काचेवर रंग भरता का, मामंजी?" ब्रश पुढे केला. त्यांनी हात पाठीमागे नेला. लहान मुलं औषधाला नेतात तसा.

२८ नोव्हेंबर

छापेवालीकडे धमाल! ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात. ती मामंजींना विचारते, "आजोबा, तुम्ही तर ह्यातले उस्ताद. 'क्ष' नीट आलाय का बघा." मी मागून खुणा करतेय, विचारू नकोस, विचारू नकोस. मामंजींनी चष्मा वर केला, ठसा उजेडात धरला, पुष्कळ वेळ बघितला.

"बरोबर!"

तिने भसाभस सगळे कागद छापले. 'क्ष' चुकला होता.

"ताई, तुमच्या मामंजींना शाळेत पेपर तपासायला बसवा. सगळा वर्ग पास!"

मामंजी सगळ्यांत जास्त हसले. कशाला हसतोय हे त्यांना कळलं होतं का? माहीत नाही. पण झटक्यानंतर पहिल्यांदा खांदे हलवून हसले.

३ डिसेंबर

वरच्या मजल्यावर नेलं. जिना चढवायची मला धास्ती होती, पण वरून मागाचा आवाज येत होता – खटक्, खटक् – आणि त्या ठेक्यावर ते एकेक पायरी चढले.

विणकरबाईंशी माझं फारसं बोलणं कधी नव्हतं. उंच, सडसडीत, केस पांढरे. मोठ्या गिरणीत उमेदीची वर्षं काढली, तिथल्या आवाजाने कान बसले. त्यामुळे स्वतः मोठ्याने बोलतात आणि दुसऱ्याचं ऐकायच्या भानगडीत पडत नाहीत. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. कारखान्यामागच्या गल्लीत एकट्या राहतात.

"हे काय, रंगारी ना? बसा!" त्यांनी मामंजींपुढे फिरकीचं चाक ओढलं. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात घालायच्या कांड्या असतात, त्यांवर सूत गुंडाळायचं काम. एक हात पुरतो. दोनदा करून दाखवलं, आणि पाठ फिरवून स्वतःच्या मागावर जाऊन बसल्या. जमलं का, हे बघायला वळल्यासुद्धा नाहीत!

मामंजी कांडी भरायला लागले.

खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. वर जात होते, खाली येतच नव्हते. माग खटक् म्हणाला की सगळे एकदम दचकायचे, परत तरंगायचे. मी तिथे पोत्याला टेकून बसले आणि मला झोप लागली. भरदुपारी! उठले तेव्हा टोपलीत निळ्या कांड्या रचलेल्या, आणि दोघं जण चहा पीत होते. एक शब्द न बोलता. माझा कप झाकून ठेवला होता.

१० डिसेंबर

वन्संचा फोन. "बाबांना तू कारखान्यात नेतेस म्हणे? धुळीत? ठिणग्या-बिणग्या उडत असतील तिथे!"

ठिणग्या नसतात म्हटलं. भट्टी असते, ते नाही सांगितलं.

"जानेवारीत येते मी. घेऊनच जाते त्यांना. माझ्याकडे खालची मोकळी खोली आहे, नर्स मिळतेय, समोर बाग आहे. तू किती दिवस ओढणार गं? तुझी काही चूक नाही. तू खूप केलंस."

त्या प्रेमाने म्हणत होत्या, म्हणून जास्त लागलं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताईचंही बरोबर आहे." आतून मामंजी म्हणाले, "बरोबर."

खरं लिहू? क्षणभर हलकंही वाटलं. दिवसभर दोन्ही हात माझे मला. मग रात्रभर त्या हलकं वाटण्याचा राग.

१४ डिसेंबर

मामंजींनी आज दाढीचा ब्रश आणून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला. रविवारी दाढी असते, आज गुरुवार. "आज कशाला, बाबा?" – "बरोबर!" असं दटावून की बिचाऱ्याने कामाची वेळ चुकवून दाढी करून दिली. मग कपाटापुढे उभे राहिले. मी काढलेला सदरा नको. हा नको. तो नको. फिकट पिवळा पाहिजे!

सुधारणा आहे, डॉक्टरांना सांगायला हवं. स्वतःची निवड करतायत.

१९ डिसेंबर

आज रडू आलं. त्यांचा जुना ब्रश शोधून काढला – लांब केसांचा, अक्षरांचा. धुऊन, मऊ करून, गुपचूप कारखान्यात नेला. पुढे पुठ्ठा ठेवला, काळा रंग ठेवला. वाटलं, हा ब्रश हातात आला की हातच आठवेल सगळं.

हातात घेतला त्यांनी. केस गालावरून फिरवले. मग उठले, काठी टेकत जिना चढले, आणि विणकरबाईंना नेऊन दिला!

त्यांनी त्याने मागाच्या फणीतला कचरा झाडला. "वा! झकास निघतोय. कुठे मिळाला असला?"

मी खाली येऊन चाकावर बसले, एक मडकं उगाच उंच उंच ओढत गेले, ते कोसळलं. छापेवाली दारात येऊन म्हणाली, "ताई, तुम्हाला वाटतं, त्यांनी पाट्या रंगवाव्यात. त्यांना हवंय का?"

तिचं वय काय, माझं काय!

तिचं खरं आहे.

२३ डिसेंबर

दुपारी डुलकी लागली त्यात बघितलं – कारखान्याला पाया नाही, साबणाच्या फेसावर तरंगतोय. प्रत्येक खोली वेगळ्या दिशेला निघालीय. काचवाल्याची झाडांच्या शेंड्यांवरून, छापेवालीची छतांवर ठसे उमटवत. माझी खोली मातीची म्हणून जड, खालीच. मामंजी वरच्या खिडकीतून हात हलवत होते. मी ओरडतेय, पडाल! पडाल! आणि ते काहीतरी बोलतायत, पूर्ण वाक्यं, पण लांब असल्यामुळे मला ऐकू येत नाहीत.

जागी झाले तर वर माग चालू होता.

२ जानेवारी

मामंजी हरवले होते! आज विणकरबाई आल्या नव्हत्या. वर कुलूप. मामंजी कुलूप हलवून खाली आले, स्टुलावर बसले, डबा उघडला नाही. मी भट्टीतली भांडी बाहेर काढत होते. वळून बघते तर स्टूल रिकामं.

काचवाला एका रस्त्याला, छापेवाली दुसऱ्या. मी कारखान्यामागच्या गल्लीत. शेवटच्या घराचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावले.

विणकरबाई पलंगावर. तापाने तोंड लाल. मामंजी कडेला खुर्चीवर. डाव्या हातात पेजेची वाटी, मांडीवर टेकवलेली. चमचा भरायचे, फुंकर मारायचे, अर्धी सांडायची, उरलेली त्यांच्या तोंडाशी न्यायचे. त्या खात होत्या. पिवळा सदरा पुढून सगळा भिजलेला.

"थोडी गार होऊ द्या," त्या म्हणाल्या. पहिल्यांदा इतकं हळू बोलताना ऐकलं त्यांना.

"बरोबर," मामंजी म्हणाले. तसं बरोबर मी कधी ऐकलं नव्हतं.

मी हाक मारली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहिले, मग पायरीवर बसले. गल्लीत कोणाची तरी मांजर होती, तिच्याकडे बघत बसले. काय लिहू? सगळ्यांना सांगत सुटले होते, मामंजींत सुधारणा मातीने झाली, काचेने झाली, सुताने झाली. मंद मी!

३ जानेवारी

नवऱ्याला सांगितलं. आधी हसला. मग म्हणाला, "आई गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर त्यांना कोणी विचारलंच नाही, गं." थोड्या वेळाने – "ताईला काय सांगायचं?"

तेच तर.

१२ जानेवारी

आमचं सगळ्यांचं मिळून प्रदर्शन. साबणाची जुनी मोठी खोली झाडून पुसून घेतली. मधोमध माझे उंच रांजण, राखी झिलईचे. भिंतींवर छापेवालीची चित्रं – गावातली छतंच छतं. काचवाल्याची खिडकी तारांनी टांगलेली, तिच्यातून रंग खाली येऊन माझ्या रांजणांवर हिंडत होते. आणि छतापासून जमिनीपर्यंत विणकरबाईंचं निळं कापड. वर गडद, खाली येता येता पाण्यासारखं. दार उघडलं की हलायचं.

वन्सं सकाळीच आल्या. कापडापुढे थांबल्या. "हे कोणाचं?"

विणकरबाई बाजूलाच होत्या. "मी विणलंय. कांड्या तुमच्या बाबांच्या."

"बाबांनी? कुठल्या?"

"सगळ्या!" एवढ्या मोठ्याने की लोक वळले.

वन्संनी कापडाला हात लावला. डोळे भरून आले त्यांचे. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "छान केलंस गं. पण मी नेतेय त्यांना. मला पण हवेत ते. मी मुलगी आहे, मला फोनवरचं बरोबर पुरत नाही."

मी म्हटलं, "वन्सं, इथे त्यांचं कोणीतरी आहे."

"तूच ना? मला माहीत आहे."

"मी नाही."

त्यांनी माझ्या नजरेच्या दिशेने बघितलं. मामंजी विणकरबाईंच्या खांद्यावरचा तंतू काढत होते. डाव्या हाताने, चिमटीत येत नव्हता, परत परत.

वन्सं पांढऱ्या पडल्या. "ह्या वयात? आणि बाबांना तरी काय कळतंय? ते तर सगळ्यालाच हो म्हणतात!"

खरंच, कोणाला काय सांगणार? नवरा मध्ये पडला – "ताई, निदान विचारू तरी त्यांना." विचारलं. ताईकडे जाता का, बाबा? – बरोबर. इथेच राहता? – बरोबर. वन्संनी माझ्याकडे बघितलं. बघ.

१६ जानेवारी

गेले. गाडीत बसताना गल्लीकडे बघत होते. विणकरबाई आल्या नाहीत. वन्संनी त्यांच्या पायांवर शाल टाकली, पट्टा लावला, स्वतः मागे त्यांच्याजवळ बसल्या. वाईट नाहीत त्या. तेच वाईट.

१७ जानेवारी

दोन्ही हात माझे मला. काही केलं नाही.

२२ जानेवारी

वन्संशी बोलले. मामंजी बागेत बसतात. जेवतात, पण थोडं. नर्स चांगली आहे. फोन त्यांच्या कानाला लावला. मी म्हटलं, "मामंजी, मी." काही नाही. "मामंजी?" नुसता श्वास.

वन्सं परत फोनवर आल्या. आवाज बसलेला. "आल्यापासून तो शब्दही म्हणाले नाहीत गं. मी काय चुकले?"



२३ जानेवारी

आज काम झालं थोडं. काचवाल्याने रंगीत काचेचा एक उरलेला तुकडा माझ्या खिडकीत अडकवून दिला, न विचारता. मातीवर हिरवा येऊन बसला. चाक फिरवलं तरी जागचा हलेना. त्याच्याभोवतीच वाटी ओढली. मामंजी गेल्यापासूनचं पहिलं भांडं.

दुपारी विणकरबाई जिना उतरून आल्या. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. इकडेतिकडे बघितलं, एक वाटी उचलून कडेवरून बोट फिरवलं. "तुझ्या नणंदेचा पत्ता दे. थंडी आहे. मफलर विणलाय, पाठवते."

लिहून दिला. म्हटलं, "त्यांना आठवण येत असेल तुमची." ऐकू गेलं नसावं.

२८ जानेवारी

वर कुलूप. माग बंद असला की इमारत किती मोठी होते! छापेवाली म्हणाली, सकाळीच गेल्या, छोटी बॅग होती, काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घरी जाऊन आले, तिथेही कुलूप. पण आजारी असत्या तर बॅग कशाला? दिवसभर कान वरच्या मजल्याकडे.

३० जानेवारी

चिखलाच्या हाताने फोन घेतला. पलीकडे गाडीचा घरघराट, मागे वन्संचं हसू का रडू ते कळेना, आणि त्या सगळ्याच्या वर तो गिरणीतला आवाज – "सूनबाई! निघालोय आम्ही, रंगारी आणि मी. तुझी नणंद सोडायला येतेय. संध्याकाळी तुम्ही दोघं गल्लीत आमच्याकडे जेवायला या."